त्या फ्रेंच डॉक्टरचं नाव
गावंडे सरांचा अकोल्याच्या वॉर्डात एक नियम होता. पोटाच्या पेशंटची आधी मान तपासायची. डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडामागच्या खळगीत टणक गाठ लागली, तर पोटातला कॅन्सर तिथवर पोचलेला असू शकतो. ज्या फ्रेंच डॉक्टरच्या नावानं ही खूण ओळखतात, पेशंटच्या खाटेपाशी फक्त त्याचं नाव घ्यायचं. रोगाचं नाव सर स्वतः सांगत, नंतर, नातेवाइकांना शेजारी बसवून. सरांच्या पंचाहत्तरीला जुने विद्यार्थी अमरावतीला त्यांच्या घरी जमले. पौर्णिमानं त्यांना शाल पांघरली. सर फार वाळले होते, शाल खांद्यावरून घसरली. ती सारखी करताना तिची बोटं त्या डाव्या खळगीत टेकली आणि तिथंच थांबली. सरांनी वर पाहिलं. "काय लागलं?" वॉर्डात विचारायचे तसंच त्यांनी विचारलं. शेजारी सरांच्या पत्नी, काकू, मांडीवर नारळ घेऊन बसल्या होत्या. पौर्णिमानं काकूंकडे पाहिलं. "नाव सांग," सर म्हणाले. "ट्रॉयझियर," ती कशीबशी म्हणाली. "बरोबर." मग काकूंकडे वळून सर हसले. "एका जुन्या डॉक्टरचं नाव सांगून राहिली." काकूंनी नारळ खाली ठेवला आणि घसरलेली शाल सरांच्या गळ्यापर्यंत ओढली. "मले मालूम हाये," त्या म्हणाल्या. "वॉर्डातून येऊन तुमी हे नाव काढलं, का त्या दिवशी जेवत नव्हते."