एकवीस कळ्यांचा मोदक

मोदकाला सतरा कळ्या होत्या. त्यांतल्या तीन डावीकडे झुकलेल्या. भास्करराव पेन्सिल तासून बसले. चतुर्थीचा पहिला मोदक गणपतीला, दुसरा त्यांच्या चित्रवहीला, हा घरचा नियमच होता.

"अहो, खा आता, गार झाला," मालिनीबाई म्हणाल्या. "यंदा पिठीच चिरतेय मेली."

"गेल्या वर्षीही पिठीच चिरली होती," म्हणत भास्कररावांनी वहीची मागची पानं उलटली. गेल्या वर्षीच्या मोदकाला एकोणीस कळ्या होत्या, त्याआधीच्याला एकवीस. एकेक कळी जिव्हाळ्याने रेखलेली.

डॉक्टरांनी सांगितलेलं मनगटाचं ऑपरेशन मालिनीबाई दोन वर्षं टाळत होत्या.

"हाही देखणाच आहे," भास्करराव हळूच म्हणाले.

मालिनीबाईंनी बधिर अंगठा चोळला. "पुढच्या वर्षी एकवीस काढायची तयारी ठेवा. दसरा झाला की ऑपरेशन करून घेते मी."