माफीचा निरोप

हायकोर्टाच्या पायऱ्यांवर निर्मलाबाईंनी शालनताईंचा हात धरला. शालनताईंचा मुलगा रोहिदास याच्या टेम्पोखाली सापडून गेलेली पोर निर्मलाबाईंचीच. "त्याला सांगा, मी त्याला माफ केलंय," एवढंच बोलून त्या निघून गेल्या.

आत रोहिदासच्या कपाळाला पश्चात्ताप मोजायचं यंत्र लावायची तयारी चालली होती. गुन्हा कबूल केला त्या दिवशी काटा पार टोकाला गेला होता, म्हणून खालच्या कोर्टाने त्याला शिक्षेत चार वर्षांची सवलत दिली होती. सरकारने त्या सवलतीविरुद्ध अपील केलं होतं. पश्चात्ताप ओसरला असेल, तर सवलतही गेली.

"आई, काल कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली गं," रोहिदास म्हणाला, आणि चक्क हसला.

ते हसू पाहून शालनताईंची नजर यंत्राच्या काट्याकडे गेली. ओठांवर आलेला निरोप त्यांनी गिळून टाकला. "निर्मलाबाई भेटल्या होत्या," त्या म्हणाल्या. "शाळा सुटायच्या वेळेला अजून फाटकात जाऊन उभ्या राहतात म्हणे."

रोहिदासचा चेहरा पडला. यंत्र लावलं, तसा काटा सरसर चढला. अपील फेटाळलं गेलं.

वकील शालनताईंच्या कानाशी लागले. "सरकार आता वरच्या कोर्टात जाईल. तिथे पुन्हा मोजतील."

पोलीस रोहिदासला परत न्यायला आले. जाता जाता त्याने विचारलं, "आई, त्या मला कधीतरी माफ करतील का गं?"

शालनताईंनी त्याच्या केसांवरून हात फिरवला.

"नाही रे, बाळा."