डाव्या हाताचं काम

स्टेजचे पास चारच मिळाले, आणि बँडमध्ये माणसं पाच होती.

राज्योत्सव, म्हणजे राज्याच्या स्थापनेचा सोहळा, आठ दिवसांवर आला होता. राज्य नवं, राजधानी नवी, साहेबही नवे. त्यांनी एका गटाला चार माणसं असा नियम काढला आणि त्यावर शिक्का मारून मोकळे झाले. रविवारी दुपारी ब्राह्मणपाऱ्यातल्या मराठी वस्तीत, स्वानंदच्या घरच्या वरच्या खोलीत, पाचही जण त्या कोऱ्या पासांभोवती बसले. अर्ज अनुश्रीच्या नावाने केला होता, म्हणून पास आणि पेन तिच्या हातात होतं.

"यात विचार काय करायचा?" स्वानंद म्हणाला. गिटार त्याच्या गळ्यात होतीच. आंघोळीला जाताना तरी उतरवत होता की नाही, देव जाणे. "तू गाते. देवीदासचे ड्रम्स. भैय्यालालचा कीबोर्ड. अन माझी गिटार. झाले चार."

पाचवी अपर्णा. ती बास गिटार वाजवायची. तीन वर्षांत स्वानंदने तिच्या वाद्याचं नाव कधी धड घेतलं नव्हतं. पाहुण्यांना ओळख करून देताना तो "ही आमची धुम्म-धुम्म" म्हणायचा आणि पाहुण्यांच्या आधी स्वतःच हसायचा. ज्याला सहा तारा झेपत नाहीत त्याच्या हातात चार तारांचं खेळणं द्यावं, असं त्याचं मत होतं आणि ते तो कुणी न विचारता सांगायचा.

"मीच काहून?" अपर्णाने विचारलं. "बाबांनी रेल्वेच्या साऱ्या वॅगन शॉपले सांगतलं आहे. पहिल्यांदा ऐकणार आहेत ते मले."

"ऐकणार?" स्वानंद म्हणाला. "बास कोणाले ऐकू येते? तू मधातच बंद केली तरी पब्लिकले पता नाही चालणार. तुझं काम तर भैय्यालाल डाव्या हातानं करून टाकते."

सोप्या कामाला डाव्या हातचा मळ म्हणतात. पण स्वानंद ते अक्षरशः म्हणत होता. त्याने भैय्यालालला मानेने खूण केली.

भैय्यालाल बीरगांवचा. कारखान्यातली शिफ्ट करून तालमीला यायचा आणि कुणाच्या भांडणात पडायचा नाही. मराठी त्याला कळायची, बोलायचा मात्र हिंदीत. त्याने कीबोर्डच्या डाव्या बाजूला बासचा आवाज लावला. देवीदासने ताल धरला. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत झालं आणि खरं सांगायचं तर एकही सूर चुकला नाही. अपर्णा मान खाली घालून चूक शोधत होती. ती सापडेना, म्हणून तिचे डोळे भरून आले.

"ऐकलं?" स्वानंद म्हणाला. "लिही आता नावं."

अनुश्रीने स्वतःचं लिहिलं, देवीदासचं लिहिलं, भैय्यालालचं लिहिलं.

"थांब जरा," अपर्णा म्हणाली. "भैया, सोलोच्या वेळी तुमचा उजवा हात तर रिकामाच होता. गिटारचा आवाज आहे का याच्यात?"

"हव दीदी. तीस नंबर."

"स्वानंदचा सोलो येते तुमाले?"

"रोज तो सुनते हैं." भैय्यालालने स्वानंदकडे न बघता बटण दाबलं.

हा सोलो वाजवताना स्वानंद डोळे मिटायचा आणि तोंड असं वेडंवाकडं करायचा की नवख्याला वाटावं, याची दाढ उपटताहेत. त्यासाठी तो स्टेजवर पुढे यायचा, एक पाय स्पीकरवर ठेवायचा. भैय्यालालने तो बसल्या जागी वाजवला. अर्ध्या मिनिटात संपला. देवीदासला हसू आवरेना, तेव्हा त्याने ड्रमच्या काठीने मान खाजवायला सुरुवात केली.

"हे काय गिटार आहे का?" स्वानंदचा आवाज चढला. "प्लास्टिक आहे हे. याच्यात जान कुठं आहे? तार ओढायले बोट लागते. माणूस लागते."

"हो," अपर्णा म्हणाली. "लागते."

आपण काय बोलून बसलो ते स्वानंदच्या लक्षात आलं, पण शब्द मागे घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो गिटारचा पट्टा उगाच वरखाली करत राहिला.

चौथा पास अजून कोरा होता. अनुश्रीने पेन खाली ठेवलं.

"भैया," ती भैय्यालालला म्हणाली, "एकाचं काम तुम्हालेच करावं लागणार. तुम्हीच सांगा, कोणाचं कराल?"

स्वानंद निवांत झाला. हा प्रश्न त्याला प्रश्नच वाटला नाही. "सांग ना रे," तो म्हणाला. "घाबरतो काहून? सांगून टाक दीदीले."

भैय्यालाल डावं मनगट चोळत होता. आधी अपर्णाकडे बघून त्याने ओशाळं हसू आणलं.

"भैया, आपका तो गाने में एक बार आता है," तो स्वानंदला म्हणाला. "दीदी का हाथ पूरे गाने में रुकता ही नहीं. एक ही गाने में मेरी कलाई भर गई. अभी छह गाने हैं. मैं नहीं सकूँगा."

अनुश्रीने पेन उचललं आणि चौथ्या पासावर अपर्णाचं नाव लिहिलं. पूर्ण आडनावासकट, सावकाश.

स्वानंद तिच्या हाताकडे बघत होता. गिटार अजून त्याच्या गळ्यातच होती.

"अन माझा सोलो?" त्याने विचारलं.

"हो जाएगा भैया," भैय्यालाल अगदी आदराने म्हणाला. "तीस नंबर."