गुण येतोय

भावजय बेकरीत भट्टीवर कामाला होती आणि वर्षभर तिचं नाक चोंदलेलं होतं. डॉक्टरांनी सायनसची तपासणी लिहून दिली. थोरल्या नणंदेने ती चिठ्ठी बाजूला सारली आणि स्वतः विकत असलेल्या एन्झाइमच्या गोळ्यांची बाटली पुढे केली.

"सगळ्या रोगांचं मूळ पोटात असतं. रोज उपाशीपोटी सहा घे. सायनसच काय, केस, गुडघे, स्वभाव, सगळं सुधारतं."

दुसऱ्या आठवड्यात भावजयीचं डोकं ठणकायला लागलं.

"घाण बाहेर पडतेय," नणंद म्हणाली.

महिन्याभराने पोट बिघडलं.

"म्हणजे गुण येतोय. आता आठ घे."

थोरल्या नणंदेला नाही कसं म्हणायचं? भावजयीने आठ घेतल्या.

चौथ्या महिन्यात भट्टीतले पाव करपले. वास पार रस्त्यावर गेला, गिऱ्हाइकं आत डोकावायला लागली, पण भट्टीला पाठ करून पीठ मळणाऱ्या भावजयीला पत्ताच नव्हता. मालकाने तिला त्याच दिवशी घरी बसवलं.

हे सांगायला ती नणंदेकडे गेली, तर नणंद कुत्र्याला कडेवर घेऊन दाराला कुलूप लावत होती. तो सकाळपासून दोनदा शिंकला होता, म्हणून जनावरांच्या डॉक्टरकडे निघाली होती.

"ताई, त्याला त्या गोळ्या नाही दिल्यात?"

"काहीतरीच काय तुझं," नणंद म्हणाली. "मुका जीव आहे तो. त्रास झाला तरी बिचारा बोलणार नाही. अशावर कसले प्रयोग करायचे?"