मागच्या सीटची थंडी

बाइक इलेक्ट्रिशियनच्या दुकानासमोर थांबली, पण मागे बसलेल्या बाईंना हेल्मेटचा पट्टा सोडवेना. बोटं वाकतच नव्हती.

"उतरताना हस जरा, कॅमेरा सुरू आहे," नवरा म्हणाला.

शेवटी इलेक्ट्रिशियननंच हात पुसून पट्टा सोडवला आणि त्यांना दुकानातल्या हीटरसमोर स्टुलावर बसवलं.

"दादा, माझं जॅकेट सकाळपासून तापतच नाही हो. तेवढं बघा."

"थंडी डोक्यात असते," नवरा म्हणाला. त्याच्या गालांवर छान लाली होती. अंगात विजेवर तापणारं जॅकेट, हँडलच्या मुठी तापणाऱ्या, समोर छातीपर्यंत काच. असल्या माणसाला थंडी डोक्यातच वाटणार.

इलेक्ट्रिशियन बाहेर आला, बाइकची सीट उचलली. बाईंच्या जॅकेटची वायर सॉकेटमधून काढलेली होती. निसटली नव्हती. नीट गुंडाळून, टेप लावून बाजूला ठेवली होती. तिच्या जागी हँडलवरच्या कॅमेऱ्याची वायर.

नवरा जवळ सरकला. "दोन जॅकेटं आणि कॅमेरा, एवढं बॅटरीला झेपत नाही. मी व्हिडिओ टाकतो. जोडीनं हिवाळी सफर. लोक वाट बघत असतात, कॅमेरा बंद पडून चालणार नाही. तिला सांगा, जॅकेट जळलंय." आणि त्यानं चक्क डोळा मारला.

इलेक्ट्रिशियनला किळस आली. वीस वर्षांत त्यानं सीटखालून गंजलेल्या तारा काढल्या होत्या, मेलेले उंदीर काढले होते. पण हात साबणानं धुवावेसे आजच वाटले.

"अजून किती जायचंय?"

"तीन तास. सगळा घाट."

त्यानं टेप सोलली, वायरी इकडच्या तिकडे केल्या आणि सीट दाबून बसवली.

बाई मागे बसल्या. मिनिटभरात त्यांचे आखडलेले खांदे खाली आले. "अगंबाई, तापतंय की!"

नवऱ्यानं आपल्या जॅकेटचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. "अहो, माझं बंद पडलं!"

"कॅमेरा चालू आहे साहेब," इलेक्ट्रिशियन म्हणाला. "तो बंद पडून चालणार नाही, तुम्हीच म्हणालात. आणि दोन जॅकेटं बॅटरीला झेपत नाहीत, म्हणून वहिनींची वायर काढून ठेवली होतीत ना?"

बाईंनी इलेक्ट्रिशियनच्या बोटाला चिकटलेली टेप पाहिली. नीट घडी घातलेलं तिचं टोकही पाहिलं.

"चेष्टा पुरे. सीट काढा परत," नवरा गुरगुरला.

इलेक्ट्रिशियननं ज्याला हात पुसले होते तो तेलकट वर्तमानपत्राचा कागद त्याच्यापुढे धरला. "छातीशी घाला. वारा अडतो. जुना उपाय आहे."

नवरा बायकोकडे वळला. तिनं चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली होती.

"घाला ना," ती म्हणाली. "आणि हसा जरा. कॅमेरा सुरू आहे."