बुटकं रोप

पीएचडीच्या पोरीची लबाडी सापडली असती, तर तिची प्रयोगशाळेतली जागा सरांच्या भाच्याला मिळाली असती. म्हणून पहाटे, रोपांवरचे दिवे लागण्याआधीच सर रोपांच्या खोलीत हजर. तिच्या दोन्ही कुंड्यांतली, साध्या उंच रोपाची आणि प्रयोगातल्या बुटक्याची, पानं स्पिरिटात उकळून आयोडीन टाकलं. उंच रोपाचं पान फिकट राहिलं, बुटक्याचं काळंनिळं झालं. “पानात एवढा स्टार्च, तरी वाढ खुंटलेली? मिठाचं पाणी पाजलंस ना?” पोरगी येताच ते गुरकावले. “नाही, सर! रात्री स्टार्च फोडणारं हरितलवकातलं प्रथिन मी जनुक बदलून यातून काढून टाकलंय. कोठार भरलेलं, धनी उपाशी.” “झकास बनवतेस! मिठानं मुळं करपतात, बघूच.” ती “थांबा” म्हणेपर्यंत रोप उपटलं गेलं, खोड मोडलं. मुळं पांढरीशुभ्र होती. “खरी निघालीस गं,” सर पुटपुटले. मोडकं रोप उचलत पोरगी म्हणाली, “याचं बी धरायचं होतं. दोन वर्षांत हे एकच साधलं.” संशय सरांचा होता, वर्षं पोरीची गेली.