पाठवणी

महालक्ष्म्या घरी आल्या त्याच संध्याकाळी सुकन्याही सासरहून शुक्रवार पेठेतल्या माहेरी आली. तिच्या दंडांवर काळेनिळे वळ होते. दुसऱ्या दिवशी सवाष्णी जेवायला येण्याआधी आईने तिला लांब बाह्यांचा ब्लाउज घालायला दिला आणि जेवताना तिच्या पुरणपोळीवर तूप वाढत राहिली. समईच्या उजेडात सुकन्या देवींशेजारी अशी निश्चल बसून होती, जणू घरात तिसरी मूर्ती मांडली होती.

तिसऱ्या दिवशी निरोपाची आरती झाली. आईने देवींची ओटी भरली, मग सुकन्येला पाटावर बसवून तिचीही भरली. नारळ पदरात पडला तेव्हा सुकन्येला दाराशी आणून ठेवलेली आपली बॅग दिसली. बाहेर तिचा नवरा रिक्षा थांबवून उभा होता.

"आई, मला न्हाई जायचं गं परत. लई मारतात."

"असं काय करतीस? महालक्ष्म्यासुद्धा तीनच दिवस राहतात की माहेरी. तू काय देवीपेक्षा मोठी लागून गेलीस व्हय?"

सुकन्या उठली. रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत आई डोळ्यांना पदर लावून दारात उभी राहिली.



मग आत येऊन तिने महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे अलगद उतरवले, ओरखडासुद्धा उठू नये म्हणून मऊ कापडात गुंडाळले आणि दरवर्षीप्रमाणे घरातल्याच कपाटात जपून ठेवले.